गाठ काढा, अंडाशय राखा

सोनोग्राफीच्या कागदावर 'राइट ओव्हेरियन सिस्ट' असे लिहिलेले असते आणि पुढे सेंटिमीटरमधला आकडा असतो. जळगावला किंवा धुळ्याला तपासणीसाठी आलेल्या मुलीला आणि तिच्या आईला त्या आकड्याचे फारसे काही नसते. त्यांचा प्रश्न वेगळा असतो आणि अहिराणीत तो सरळ विचारला जातो : "पोटमा गाठ शे, आते लेकरू व्हई का?" मुलीचे लग्न व्हायचे असेल तर गाठीची गोष्ट सोयऱ्याधायऱ्यांपासून लपवली जाते. लग्न झालेले असेल तर सासरी कुजबुज सुरू होते. कुणी घाबरून ऑपरेशन वर्षानुवर्षे टाळते, तर कुणी त्याच भीतीपोटी गरज नसताना घाईने करून घेते.

या प्रश्नाचे बहुतेक जणींसाठीचे उत्तर 'होईल' असेच आहे. अंडाशयातल्या बऱ्याचशा गाठी ऑपरेशनविना जातात. ज्या काढाव्या लागतात, त्यांतही अंडाशय जपून गाठ काढली तर दिवस राहण्याची आशा कायम राहते. ज्या थोड्या जणींच्या बाबतीत ऑपरेशनमुळे खरोखर नुकसान होऊ शकते, त्या कोणत्या आणि ते नुकसान कसे टाळायचे, हे मात्र ऑपरेशनच्या आधी समजून घ्यावे लागते. नंतर समजून उपयोग नसतो.

दर महिन्याला होणारी गाठ

अंडाशय असते जेमतेम ३ सेंटिमीटर लांबीचे. गर्भपिशवीच्या दोन बाजूंना अशी दोन असतात. मुलगी जन्माला येते तेव्हा दोन्ही अंडाशयांत मिळून १० ते २० लाख स्त्रीबीजे असतात. पाळी सुरू होईपर्यंत ती ३ ते ४ लाखांवर येतात, आणि पक्व होऊन बाहेर पडतात ती संपूर्ण आयुष्यात ४०० ते ५००. बाकीची आपोआप विरून जातात. जन्मानंतर या साठ्यात भर पडत नाही. शिवाय हा साठा अंडाशयाच्या आत खोलवर नसतो, तर बाहेरच्या पातळ थरात असतो. गाठीच्या ऑपरेशनचा सगळा प्रश्न या दोन गोष्टींभोवती फिरतो.

दर महिन्याला एक बीज पिकते तेव्हा त्याभोवती पाण्याची पिशवी तयार होते. ती साधारण १८ ते २४ मिलिमीटरची झाली की फुटते आणि बीज बाहेर येते. म्हणजे पाळी येणाऱ्या प्रत्येक निरोगी स्त्रीच्या अंडाशयात महिन्यातले काही दिवस दोन सेंटिमीटरची 'गाठ' असतेच. कधी ही पिशवी फुटत नाही आणि वाढत राहते. कधी फुटल्यानंतर उरलेल्या भागात रक्त साचते. सोनोग्राफीत या दोन्ही गोष्टी सिस्ट म्हणून दिसतात. त्या आजार नसतात, आणि दोन-तीन पाळ्यांत बहुतेक वेळा नाहीशा होतात. म्हणूनच असा रिपोर्ट आला की डॉक्टर सहा ते बारा आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी करायला सांगतात. ती पाळी संपल्या संपल्या केली तर चित्र अधिक स्पष्ट दिसते.

थांबण्याच्या या काळात गर्भनिरोधक गोळ्या देण्याची पद्धत बरीच वर्षे चालत आली आहे. अनेक चाचण्या एकत्र तपासल्यावर असे दिसले, की गोळ्या घेतल्या काय किंवा न घेतल्या काय, अशी गाठ सारख्याच वेगाने विरते. पाळीच्या इतर तक्रारींसाठी या गोळ्या उपयोगी असतील, पण असलेली गाठ त्या विरघळवत नाहीत.

ब्रिटनमधल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजचा सल्ला असा आहे : पाळी चालू असलेल्या स्त्रीची साधी, पातळ भिंतीची, नुसते पाणी असलेली गाठ ५ सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर तिच्या मागे लागण्याची गरज नाही. ५ ते ७ सेंटिमीटरच्या गाठीसाठी वर्षातून एकदा सोनोग्राफी करावी. त्याहून मोठी असेल तर पुढच्या तपासण्यांचा किंवा ऑपरेशनचा विचार करावा. चार सेंटिमीटरच्या साध्या गाठीसाठी कुणी लगेच उद्याची तारीख देत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायला हरकत नाही.

पीसीओडीमध्ये काढण्यासारखी गाठ नसते

हल्ली कॉलेजात जाणाऱ्या मुलींच्या रिपोर्टवर 'पीसीओडी' किंवा 'पीसीओएस' ही अक्षरे वारंवार दिसतात, आणि घरचे लोक त्याचा अर्थ 'दोन्हीकडे पुष्कळ गाठी' असा लावतात. प्रत्यक्षात त्या २ ते ९ मिलिमीटरच्या अर्धवट वाढलेल्या बीजपिशव्या असतात. मूळ बिघाड हार्मोन्सचा असतो. बीज पूर्ण पिकत नाही, त्यामुळे पाळी लांबते.

अमेरिकेतल्या स्टाइन आणि लेव्हेन्थल या डॉक्टरांनी १९३५ साली या विकाराचे वर्णन केले. तेव्हा अंडाशयाचा पाचरीसारखा तुकडा कापून काढत असत. पाळी सुरू व्हायची, पण कापलेल्या जागी आतडी आणि गर्भनलिका चिकटून बसायच्या, आणि त्यातून नवे वंध्यत्व उभे राहायचे. आज वजन, आहार आणि व्यायाम यांकडे आधी लक्ष दिले जाते. मूल हवे असेल तर बीज पिकवणारी औषधे देतात, आणि त्यांत लेट्रोझोल हे पहिल्या पसंतीचे आहे. दुर्बिणीतून अंडाशयाला बारीक छिद्रे पाडण्याचा उपाय औषधांनी गुण न आलेल्या थोड्याच जणींसाठी उरला आहे. लग्नाआधी मुलीच्या 'पीसीओडीच्या गाठी काढून टाका' असा आग्रह धरणारे आईवडील तिचे हित पाहत असतात, पण त्या हट्टाने तिच्या बीजांचा साठाच कमी होऊ शकतो.

ज्या गाठी काढाव्या लागतात

आपोआप न जाणाऱ्या गाठी मुख्यत्वे तीन प्रकारच्या असतात. डर्मॉइडच्या गाठीत चरबी, केस, कधी दातसुद्धा सापडतो. ही बीजपेशीपासून झालेली गाठ असते. कुणी केलेल्या करणीशी किंवा खाण्यापिण्याशी तिचा काही संबंध नसतो. ती अगदी हळू वाढते, वर्षाला सरासरी दोन मिलिमीटरच्या आत. शंभरातल्या दहा ते पंधरा जणींना ती दोन्ही अंडाशयांत असते, म्हणून ऑपरेशनच्या वेळी दुसरी बाजूही नीट पाहतात.

दुसऱ्या प्रकारच्या गाठीत पाण्यासारखा किंवा बुळबुळीत द्रव असतो. ही वाढत जाऊन पोट भरून टाकू शकते. अमुक किलोची गाठ काढल्याची बातमी वर्तमानपत्रात येते, ती बहुधा या जातीची असते.

तिसरी चॉकलेट सिस्ट. गर्भपिशवीच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी अंडाशयात रुजतात आणि दर पाळीला तिथे रक्तस्राव होतो. ते जुने रक्त साचून घट्ट तपकिरी होते. या आजाराचे नाव एंडोमेट्रिओसिस. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार मूल होण्याच्या वयातल्या सुमारे १० टक्के स्त्रियांना तो असतो. पाळीत असह्य दुखणे, शरीरसंबंधाच्या वेळी खोल दुखणे आणि दिवस न राहणे ही त्याची लक्षणे. 'पाळीत सगळ्यांचंच दुखतं' असे म्हणून मुलीला गप्प बसवले जाते आणि आजार ओळखायला कित्येक वर्षे जातात. कापूस वेचणीत किंवा केळीच्या बागेत दिवसभर वाकून राबणारी बाई कंबर धरून उभी राहिली, तर तिलाही कामाचा थकवा म्हणून सोडून दिले जाते.

अंडाशयातली वाटणारी प्रत्येक गाठ तिथलीच असते असेही नाही. गर्भनलिकेत पाणी भरले तर तीही सिस्टसारखी दिसते. आपल्याकडे त्यामागे कधी कधी क्षयरोग असतो. तेव्हा खरा उपाय गाठ कापणे हा नसून क्षयाची औषधे हा असतो.

अख्खे अंडाशय काढण्यापासून नुसती गाठ काढण्यापर्यंत

पोट उघडून अंडाशयाची गाठ यशस्वीपणे काढल्याची पहिली प्रसिद्ध नोंद १८०९ सालची आहे. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात डॅनव्हिल नावाच्या गावी एफ्रेम मॅकडॉवेल या डॉक्टरने जेन टॉड क्रॉफर्ड या बाईवर हे ऑपरेशन केले. भूल देण्याचे शास्त्र तेव्हा जन्मालाच आले नव्हते. बाई ६० मैल घोड्यावरून आली होती. काढलेली गाठ दहा किलोच्या आसपास भरली, आणि ती बाई पुढे ३२ वर्षे जगली. त्या काळी जीव वाचला हेच सर्वस्व होते, त्यामुळे गाठीबरोबर अंडाशयही जाणार हे गृहीतच होते.

अंडाशय ठेवून फक्त गाठ काढावी हा विचार रुजायला आणखी शंभर वर्षे लागली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनचे शल्यचिकित्सक व्हिक्टर बोनी यांनी तो हिरिरीने मांडला. त्यांच्या पत्नीची गर्भपिशवी तरुणपणीच काढावी लागली होती आणि दोघे निपुत्रिक राहिले. गर्भपिशवी राखून फायब्रॉइडच्या गाठी काढायच्या आणि अंडाशय राखून सिस्ट काढायची, याच कामाला त्यांनी पुढचे आयुष्य वाहिले. तरुण स्त्रीच्या बाबतीत आज जगभर हाच नियम आहे. गाठ साधी असेल तर अंडाशय ठेवायचे. अंडाशय काढायचे तर त्याला सबळ कारण लागते.

ऑपरेशनमध्ये साठा कमी कसा होतो

आता हे काम बहुतेक ठिकाणी दुर्बिणीतून होते. पोटावर अर्ध्या ते एक सेंटिमीटरची दोन-चार छिद्रे घेतात, अंडाशयावर छोटा छेद देतात, गाठीचे अस्तर सोलून वेगळे करतात आणि रक्तस्राव थांबवतात. पोट उघडून केले तरी तत्त्व तेच. दुर्बिणीने दुखणे कमी होते, दवाखान्यातला मुक्काम घटतो आणि आत चिकटण्याचे प्रमाणही कमी राहते.

नुकसान होते ते सोलताना आणि रक्त थांबवताना. तव्यावर चांगली फुगलेली भाकरी असली की पापुद्रा अलगद सुटतो. न फुगलेल्या भाकरीचा पापुद्रा ओढला तर खालचा गरही सोबत निघतो. डर्मॉइडचे अस्तर पहिल्या भाकरीसारखे असते, चॉकलेट सिस्टचे दुसऱ्या. चॉकलेट सिस्टला स्वतःची खरी भिंत नसते. ती अंडाशयाच्या बीजे असलेल्या थरालाच चिकटलेली असते, त्यामुळे सोलताना काही बीजे तिच्याबरोबर जातात. त्यात भर म्हणून रक्त थांबवण्यासाठी विजेचा चटका जास्त वापरला गेला तर उरलेल्या थरातलीही काही बीजे जळतात. म्हणून शक्य तिथे चटक्याऐवजी बारीक टाके घालणे अंडाशयाच्या दृष्टीने अधिक चांगले ठरते. हे हातखंड्याचे काम आहे. ते नेहमी करणारा सर्जन निवडण्याला त्यामुळेच अर्थ आहे.

बीजांच्या साठ्याचा अंदाज रक्तातल्या एएमएच या तपासणीने येतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित अभ्यासात चॉकलेट सिस्टच्या ऑपरेशननंतर एएमएच सरासरी ३८ टक्क्यांनी घटलेले आढळले. दोन्ही बाजूंना चॉकलेट सिस्ट असेल तर जपणे आणखी गरजेचे. इटलीत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन्हीकडच्या चॉकलेट सिस्ट काढलेल्या १२६ जणींपैकी ३ जणींची अंडाशये ऑपरेशननंतर काम करेनाशी झाली. प्रमाण थोडे आहे, पण पंचविशीतल्या मुलीसाठी हा धोका ऑपरेशनच्या आधी सांगितला जायलाच हवा.

एएमएचचा आकडा कमी आला म्हणून हातपाय गाळण्याचेही कारण नाही. अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३० ते ४४ वयाच्या ७५० स्त्रिया होत्या. त्यांना वंध्यत्वाचा इतिहास नव्हता. ज्यांचे एएमएच कमी होते त्यांनाही नैसर्गिकरीत्या दिवस राहण्याची शक्यता इतरांइतकीच दिसली. ही तपासणी साठा किती उरला ते सांगते. बीजाची प्रत कशी आहे हे मुख्यतः वयावर ठरते.

चॉकलेट सिस्ट : काढावी की राहू द्यावी?

या गाठीचे ऑपरेशन केल्याने कधी फायदा होतो तर कधी तोटा. वय कमी आहे, दुखणे फार आहे, नलिका मोकळ्या आहेत आणि नवऱ्याची तपासणी व्यवस्थित आहे, अशा वेळी अस्तर सोलून गाठ काढली तर आपोआप दिवस राहण्याची शक्यता वाढते. अशा वेळी नुसते सुईने पाणी काढणे किंवा गाठ जाळणे कमी उपयोगाचे ठरते, कारण गाठ पुन्हा भरण्याचे प्रमाण जास्त असते.

पण वय पस्तिशीच्या पुढे आहे, एएमएच आधीच कमी आहे, गाठी दोन्हीकडे आहेत किंवा एकदा ऑपरेशन होऊन गाठ पुन्हा आली आहे, अशा वेळी आधी ऑपरेशन करण्याने असलेला साठा घटतो. युरोपातल्या वंध्यत्वतज्ज्ञांच्या संस्थेने २०२२ साली दिलेल्या मार्गदर्शनात म्हटले आहे, की टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचाराआधी चॉकलेट सिस्ट सरसकट काढू नये, कारण त्यामुळे मूल होण्याचे प्रमाण वाढत नाही. दुखणे असह्य असेल, बीज काढण्याच्या वाटेत गाठ येत असेल किंवा कर्करोगाची शंका असेल तर गोष्ट वेगळी. ज्यांना ऑपरेशन टाळता येत नाही पण साठा कमी आहे, त्यांना आधी बीजे किंवा गर्भ गोठवून ठेवण्याचा पर्याय असतो.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या देखरेखीखाली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, ती ६ ऑगस्ट १९८६ रोजी. त्या काळात खानदेशातल्या जोडप्याला या उपचारासाठी मुंबई गाठण्याशिवाय गत्यंतर नव्हते. आज जळगाव-धुळ्यातही अशी केंद्रे आहेत. २०२१ च्या कायद्यानुसार अशा प्रत्येक केंद्राची नोंदणी बंधनकारक आहे, आणि ती आहे का हे विचारण्याचा अधिकार रुग्णाला आहे.

एक अंडाशय गेले तर

कधी गाठीने अंडाशयच खाऊन टाकलेले असते आणि ते काढण्यावाचून इलाज नसतो. एक अंडाशय काढले म्हणजे मूल होण्याची शक्यता निम्मी झाली असा समज सर्रास आहे. तो चुकीचा आहे. उरलेले अंडाशय दर महिन्याला बीज देऊ लागते, पाळी नियमित येते आणि आपोआप दिवस राहतात. पाळी जाण्याचे वय मात्र सरासरी वर्षभराने अलीकडे येते, आणि टेस्ट ट्यूब बेबीची वेळ आली तर औषधांनी मिळणारी बीजे कमी असतात. म्हणून एक अंडाशय गमावलेल्या मुलीने मूल हवे असल्यास फार वर्षे लांबवू नये. सोयरीक जुळवताना ही गोष्ट उणीव म्हणून सांगितली जाते, लपवली जाते किंवा त्यावरून सौदा होतो. तिन्ही गोष्टींना वैद्यकशास्त्राचा आधार नाही.

पीळ पडला तर तासांचा हिशेब

आतापर्यंतच्या सगळ्या गोष्टींत विचार करायला वेळ असतो. एका प्रसंगी तो नसतो. साधारण ५ सेंटिमीटरच्या वरची गाठ, विशेषतः डर्मॉइड, वजनाने स्वतःभोवती फिरते आणि अंडाशयाला पीळ बसतो. रक्तपुरवठा थांबतो. ओटीपोटात एका बाजूला अचानक जोराची कळ येते आणि उलट्या होतात. उजव्या बाजूला असेल तर अपेंडिक्स वाटते. कळ मध्येच थांबते आणि पुन्हा येते, त्यामुळे घरचे लोक निर्धास्त होतात आणि तोवर वेळ निघून जातो.

ऑपरेशनच्या वेळी पीळ पडलेले अंडाशय काळेनिळे दिसते. पूर्वी ते मेलेले समजून काढून टाकत. आता कळले आहे, की पीळ सोडवला तर असे दिसणारी बहुतेक अंडाशये पुन्हा काम करू लागतात. म्हणून तरुण मुलीत आणि बालिकेत पीळ सोडवून अंडाशय जागेवर ठेवणे हीच आजची शिफारस आहे.

खानदेशात इथे अंतर आडवे येते. शिरपूर धुळ्यापासून आणि चोपडा जळगावपासून सुमारे ५० किलोमीटरवर आहे, आणि सातपुड्याच्या कुशीतले पाडे त्याहून पलीकडे. धुळ्याला श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. जळगावला २०१८ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि तिथल्या सिव्हिलची ताकद वाढली. पण अशी कळ आल्यावर 'सकाळी बघू' म्हणत रात्र काढली तर ही रुग्णालये असून काय उपयोग? ज्या मुलीच्या रिपोर्टवर मोठी गाठ लिहिली आहे, तिच्या घरात हे लक्षण सगळ्यांना माहीत असायला हवे, आणि गावातल्या आशाताईंनाही. कळ आली की १०८ ला फोन करायचा आणि मुलीला काहीही खायला-प्यायला न देता निघायचे.

लग्न न झालेल्या मुलीला सोनोग्राफीला नेताना घरचे कचरतात. तिची तपासणी लघवी साठवून पोटावरूनच करतात, आणि दुर्बिणीचे ऑपरेशनही पोटावरच्या छिद्रांतूनच होते. या संकोचापायी उशीर करू नये.

कर्करोगाची भीती

'काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल' या एका वाक्याने जितकी अंडाशये गेली असतील तितकी आजाराने गेली नसतील. रॉयल कॉलेजच्या आकडेवारीनुसार पाळी चालू असलेल्या वयात त्रास देणाऱ्या हजार गाठींमागे साधारण एक कर्करोगाची निघते. पन्नाशीच्या सुमारास हे प्रमाण हजारी तीन होते. गाठीत घट्ट भाग आहे का, आतून पडदे आहेत का, पोटात पाणी आहे का, हे सोनोग्राफीत पाहतात. सीए-१२५ ही रक्ततपासणी एकटी निर्णायक नसते. ती चॉकलेट सिस्टमध्ये वाढते, पोटाच्या क्षयातही वाढते. क्षयाने पोटात पाणी झाले आणि हा आकडा वाढला, तर हुबेहूब अंडाशयाच्या कर्करोगासारखे चित्र उभे राहते. अशा वेळी तुकडा तपासल्याशिवाय मोठ्या ऑपरेशनला तयार होऊ नये.

खरोखर कर्करोग निघाला तरी तरुण वयात सगळे संपत नाही. विशीच्या आसपासच्या मुलींत बीजपेशींपासून होणारे कर्करोग असतात. ते बहुधा एकाच बाजूला असतात आणि केमोथेरपीला चांगला प्रतिसाद देतात. त्यांत फक्त आजारी अंडाशय काढून गर्भपिशवी आणि दुसरे अंडाशय ठेवता येते. अशा उपचारानंतर अनेक जणी आई झाल्या आहेत. हे काम मात्र कर्करोगतज्ज्ञाकडेच व्हायला हवे.

सही कुणाची?

भीती दाखवून अवयव काढण्याचे काय परिणाम होतात हे महाराष्ट्राने बीडमध्ये पाहिले आहे. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे जी पाहणी आली, तिच्यात बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. कामाचा खाडा परवडत नाही, पाळीच्या तक्रारींवर साधे उपचार मिळत नाहीत आणि वर कर्करोगाची भीती, अशा कोंडीत सापडलेल्या या बाया. खानदेशातूनही कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला जातात, म्हणून बीडचा धडा आपलाही आहे.

सर्वोच्च न्यायालयाचा १६ जानेवारी २००८ चा निकाल प्रत्येक स्त्रीला माहीत असावा. दिल्लीतली ४४ वर्षांची एक अविवाहित महिला दुर्बिणीच्या तपासणीसाठी भूल घेऊन झोपली होती. आत एंडोमेट्रिओसिस दिसले. डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईची संमती घेतली आणि गर्भपिशवीसह दोन्ही अंडाशये काढली. न्यायालयाने सांगितले, की तपासणीला दिलेली संमती ही अवयव काढण्याची संमती होत नाही. सज्ञान रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबता येत असेल, तर तिच्या वतीने दुसऱ्या कुणी दिलेली संमती चालत नाही. जीव वाचवण्यासाठी तातडीने करावे लागणारे ऑपरेशन हाच अपवाद.

आपल्याकडे फॉर्मवर नवऱ्याची किंवा सासऱ्याची सही होते आणि बाईला कागद वाचूनही दाखवला जात नाही. ऑपरेशन तिच्या शरीरावर आहे, तेव्हा तिने स्वतः विचारावे : गाठ कोणत्या प्रकारची वाटते? थांबून पुन्हा सोनोग्राफी केली तर काय धोका आहे? फक्त गाठ काढणार की अंडाशयही? आत काही वेगळे दिसले तर काय करणार? चॉकलेट सिस्ट असेल तर एएमएच आधी तपासले आहे का? 'मला मूल हवे आहे, अंडाशय राखा' हे वाक्य संमतीच्या कागदावर लिहून घेता येते. चांगल्या डॉक्टरला अशा प्रश्नांचा राग येत नाही. ऐपत नसेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसते का, हे योजनेच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावे. त्यासाठी रेशनकार्ड आणि आधारकार्ड जवळ ठेवावे.

ऑपरेशननंतर

काढलेली गाठ तपासणीला गेली पाहिजे आणि तिचा रिपोर्ट घरी आला पाहिजे. काय दिसले, काय काढले आणि काय ठेवले याची डॉक्टरांनी लिहिलेली नोंद मागून घ्यावी. पुढच्या उपचारात हे दोन कागद सोन्याच्या मोलाचे असतात. साधी गाठ असेल तर एक-दोन पाळ्यांनंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने मुलासाठी प्रयत्न सुरू करता येतात. चॉकलेट सिस्टच्या ऑपरेशननंतर मूल हवे असेल तर उगाच वर्षे घालवू नयेत. मूल इतक्यात नको असेल तर गाठ पुन्हा होऊ नये म्हणून औषधे चालू ठेवावी लागतात.

एरवी वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत तर तपासणी करायची असते, पस्तिशीनंतर सहा महिन्यांनी. गाठीचे ऑपरेशन झालेल्या स्त्रीने या मुदतीचीही वाट न पाहता आधीच सल्ला घ्यावा. तपासणी दोघांची व्हावी. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचे कारण एकटे किंवा सोबतीने असते, आणि वीर्यतपासणी ही सगळ्यांत स्वस्त व सोपी तपासणी आहे. सुनेच्या जुन्या ऑपरेशनवर बोट ठेवण्याआधी मुलाची ही तपासणी करून घेणे हे सासरच्यांचे कर्तव्य आहे.

गाठ निघाली म्हणून कुणा मुलीचे आईपण संपत नाही. ते धोक्यात येते ते घाईने, अर्धवट माहितीने आणि तिला न विचारता झालेल्या सहीने. जीवावर बेतलेले नसेल तर गाठ कोणती आहे आणि अंडाशय किती राहणार आहे, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय कोणीही ऑपरेशनच्या कागदावर सही करू नये.